आधी टोपलं, मग बाई

काळी-पिवळी जीपच्या मागच्या तोंडाला जी आडवी लोखंडी फळी असते तिला फाळका म्हणतात. ट्रकला असतो तसाच, फक्त लहान. तो खाली पडावा आणि माणूस न् माल सहज आत जावा म्हणून त्याला बिजागऱ्या असतात. आमच्या गावच्या गाडीच्या बिजागऱ्या गंजून गेल्या होत्या, कारण तिचा फाळका कधी खाली पडतच नसे. दोन्ही बाजूंनी बोल्ट मारून त्याला कायमचा उभा केला होता. का? तर मागच्या बंपरवर चार-पाच जण लटकून जातात, त्यांना धरायला काहीतरी हवं. लटकणाऱ्यांची सोय झाली. चढणाऱ्यांचं काय? चढणाऱ्या बहुतेक बाया. त्यांनी बंपरवर एक पाय द्यायचा, दुसरा पाय गुडघ्याच्या वर उचलून फाळक्यावरून आत टाकायचा, मग पहिला ओढून घ्यायचा. लुगड्यात. चौकातल्या सगळ्यांसमोर. दर बाजाराला.

आज मी हे असं ठणकावून लिहिते आहे, पण खरं सांगते, तो फाळका मला कैक वर्षं दिसलाच नव्हता. कारण मी पुढे बसायचे. कॉलेज संपल्यावर तालुक्यातल्या एका छोट्या संघटनेचं काम करू लागले. पत्रकं लिहायची, वाटायची, तहसीलसमोर घोषणा द्यायच्या. तेवढ्यावर गावानं मला मॅडम करून टाकलं. मॅडमला ड्रायव्हरशेजारची जागा. तिथलं दार एका झटक्यात उघडतं, पायरी हातभर उंचीची, धरायला मूठ. मांडीवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी ऐटीत बसायचे, आणि मागे माझी आई टोपलं घेऊन फाळका ओलांडायची.

एका बाजाराच्या दिवशी तो तिला ओलांडता आला नाही.

थंडीचे दिवस होते. धान मळून झालेलं. धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, आईनं लावलेली वांगी आणि सांबार भरात होतं. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. मागे गलका झाला म्हणून मी वळून पाहिलं. आईचा उजवा पाय आत, डावा बाहेर, आणि ती फाळक्यावर अडकून बसलेली. डावा गुडघा त्या साली धानाच्या रोवणीच्या चिखलात पिरगळला होता, तो वाकेचना. ड्रायव्हरला वाटलं सगळे बसले. त्यानं गाडी दोन हात पुढे घेतली. आईनं दोन्ही हातांनी लोखंड घट्ट धरलं, पदर खाली गेला, आणि बंपरवरून कोणीतरी ओरडलं, "घोड्यावर बसली रे बुढी!"

गाडीभर हशा. बायासुद्धा हसल्या. मी उतरून मागे पोचेपर्यंत दोघींनी तिला आत ओढून घेतलं होतं. ती बाजारात गेली, वांगी विकली. परतताना मात्र जीपकडे आलीच नाही. ओळखीच्या एका माणसाच्या बैलबंडीत बसून दिवस मावळायच्या आत घरी आली आणि टोपलं उलटं करून कोपऱ्यात ठेवलं.

"मी नाई जात आता बाजारात," एवढंच म्हणाली.

माझ्या मोठ्या भावाला बरंच वाटलं. शेती तोच पाहतो. "मी केव्हापासून सांगून राहिलो," तो म्हणाला. "पोरगा घरी कमावते आन माय टोपलं घेऊन फिरते, लोक मलेच हसतात."

"लोक तुले नाई हसले, मायले हसले," मी म्हणाले.

"मंग बरंच झालं नं, आता कोनी नाई हसनार."

हे त्याचं गणित. बाई घरात बसली की कोणी हसत नाही. या गणितावर मी किती पत्रकं लिहिली असतील! पण ते स्वतःच्या ओसरीत ऐकलं की कान कसे तापतात, हे पत्रकात लिहिता येत नाही.

आता बाजारातल्या जागेचं सांगते, कारण सगळा प्रश्न तिथेच होता. आमच्या तालुक्याच्या बाजारात भाजीवाल्या बायांच्या जागा कुठे लिहिलेल्या नाहीत. जी जिथे बसते ती तिची. एखादी आली नाही तर शेजारची तिच्या नावानं आपल्याजवळ एक बारदाना अंथरून ठेवते. बारदाना म्हणजे जुनं पोतं. तो असेल तिथे कोणी बसत नाही. पण तीनच बाजार. चौथ्या बाजाराला सूर्य डोक्यावर येईपर्यंत बाई आली नाही तर शेजारीण बारदाना घडी करून ठेवते, आणि जागा जिला मिळेल तिची. माझ्या आईची जागा चिंचेखाली, येण्याजाण्याच्या वाटेवर. मी शाळेत जायच्या आधीपासून ती तिथे बसते. लसूण विकणारी एक म्हातारी तिची शेजारीण. पुढचा बाजार धरून आईकडे आता तीन खाडे होते. चौथ्याला गेली नाही तर कायमची घरी.

तिनं हे बोलून दाखवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर सांबार उपटताना तिचा हात थांबला, आणि ती स्वतःशीच म्हणाली, "तीन बाजार." मी जवळच होते.

मी काय केलं? मला जे येतं ते. पत्रक लिहिलं. मथळा, 'फाळका खाली करा!' खाली, 'बाया म्हणजे पोती नाहीत!' त्याखाली चार मागण्या. पाचशे प्रती काढल्या आणि पहिल्या खाड्याच्या बाजाराला कोहमाऱ्याच्या नाक्यावर उभी राहून वाटल्या. तिथे हायवेला आमचे आतले रस्ते मिळतात, ढाबे आहेत, सगळ्या काळ्या-पिवळ्या तिथे रांगेत लागतात. ड्रायव्हरांनी पत्रक घेतलं, वाचलं, त्यात भजी गुंडाळली.

आमच्या गावच्या गाडीचा ड्रायव्हर हाच गाडीचा मालक. नात्यानं मी त्याला काकाजी म्हणते. तो चहाचा घोट घेत म्हणाला, "फाळका खाली केला त लटकनारे कायले धरतील वं? तुह्या पत्रकाले?"

"लटकूच नका देऊ त्याइले."

"आन त्याइले ठेवू कुठी? माह्या डोक्यावर?"

बाकीचे ड्रायव्हर हसले. मी म्हणाले, "काकाजी, माझी माय तुमच्या गाडीत अडकली होती. तुम्ही गाडी चालू केली."

तो मग चिडून म्हणाला, कारण लाज वाटली की माणूस चिडतोच, "मले काय डोरे हायेत मागं? चाल, तूच बनवून दाखव दार. तू शिकलीस नं? बनव. माही गाडी देतो. नाई जमलं त हे कागद वाटनं बंद कर."

मी म्हणाले, "मंजूर."

मला वाटलं होतं दार बनवणं म्हणजे काय मोठं! कोहमाऱ्यालाच एक वेल्डर मिस्त्री आहे. हिंदी बोलणारा, गोंदियाच्या राईस मिलच्या भंगारातून पत्रे आणून काहीबाही करणारा. मी मोबाईलवर शहरातल्या बसचे फोटो शोधून काढले, खाली टेकलेल्या रुंद दरवाजांचे. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर नकाशा काढला. फाळका पूर्ण काढून टाकायचा. तिथे दोन झडपा, कपाटासारख्या, दोन्हीकडे उघडणाऱ्या. खाली बंपरच्या मागे बाहेर आलेली दोन पायऱ्यांची लोखंडी शिडी. झालं. एकदम मोकळं तोंड.

मिस्त्रीनं कागद उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, चढ़ेगा कौन?"

"लेडीज़."

"खाली हाथ?"

मी म्हणाले, "पहले बनाओ तो."

हा प्रश्न त्यानं विचारला होता. मी तो ऐकला नाही. पुढे जे झालं त्याचा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकणार नाही.

मधल्या एका दिवशी मी परवानगीसाठी वाहनांच्या कार्यालयातही गेले. गाडीच्या बॉडीत बदल करायचा तर अर्ज लागतो हे मला माहीत होतं, आणि अर्ज करणं हे माझं आवडतं काम. खिडकीतल्या बाबूनं वाचलं, "प्रवासी व त्यांच्या टोपल्या सुलभ चढाव्यात यासाठी." त्यानं 'टोपल्या' या शब्दाखाली रेघ मारली.

"ही गाडी प्रवासी आहे की माल?"

"प्रवासी."

"मग टोपली कशी?"

"बाई टोपली घेऊन जाते."

"मग ती माल झाली."

"बाई?"

"टोपली हो! मालाला मालगाडी. एकाच दारातून दोन्ही नाही चालत." आणि तो अर्ज त्यानं एका फायलीत सरकवला. आजही तो तिथेच आहे. विचाराधीन म्हणे. मी त्याला सांगितलं, आमच्या गावात मालगाडी बाईच्या डोक्यावर असते. तो म्हणाला, पुढचा.

दुसऱ्या खाड्याच्या बाजाराला नवं दार लागलेली गाडी गावच्या चौकात आली. मी मागे उभी होते, छाती फुगवून. आई आली नव्हती. ती म्हणाली होती, आधी बाकीच्याइले चढू दे. बाया आल्या, दार पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. पहिली पुढे झाली. डोक्यावर भेदऱ्याचं टोपलं. भेदरं म्हणजे टमाटे. तिनं टोपलं उतरवून आत ठेवायला हात लांब केले. पोचेना. मध्ये माझी शिडी. शिडीमुळे तिला गाडीपासून हातभर लांब उभं राहावं लागत होतं. तिनं मग टोपलं शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवलं. आता पायरीवर टोपलं, मग पाय कुठे ठेवायचा? मागून दुसरी आली, तिनं खालच्या पायरीवर चुंगडी, म्हणजे लहान पोतं, टेकवली. तिसरी ओरडली, सरका की पुढं. पहिलीनं टोपल्यावरून पाय टाकायला बघितलं, धरायला काही सापडलं नाही, कारण मी सगळं मोकळं करून ठेवलं होतं, आणि टोपलं गेलं. भेदरं रस्त्यावर.

"आधी तुम्ही चढा, मग टोपलं वर घ्या!" मी ओरडले. "साधी गोष्ट आहे!"

भेदरं वेचता वेचता त्या बाईनं वर पाहिलं. "मी वर चढू आन टोपलं खाली? मंग खालून देईल कोन? तू?"

"एकमेकींना द्या नं."

"आन शेवटचीले कोन देईल? तिचा मरद येईल काय धावत?"

एक म्हातारी शिडीला हात लावून म्हणाली, "सुंदर हाये वं बाई. पन हे पायरी टोपल्यासाठी बनवली का बाईसाठी, तेवढं लिहून ठेव. आमाले वाचता येत नाई, कोनी वाचून सांगेल."

काकाजी स्टीअरिंगवर हात ठेवून हसत होता. वाटेतल्या नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावर शिडी खालून घासली आणि वाकडी झाली. संध्याकाळपर्यंत त्यानं ती कापून टाकली आणि जुना फाळका बोल्ट मारून परत उभा केला. "झालं तुहं?" मला म्हणाला. "आता कागद बंद."

घरी मी आदळआपट केली. म्हणाले, बायांनाच नको असेल तर मी कशाला मरू? त्यांनाच फाळका हवाय! आई वांगी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "होय. हवाय."

"काय?"

"फाळका हवाय. तू पाडला म्हून त घोटाळा झाला."

ती उठली. ओसरीचा कठडा तिच्या कमरेच्या जरा वर येतो. तिनं रिकामं टोपलं डोक्यावर घेतलं, कठड्याजवळ गेली, अंग थोडं वाकवलं आणि टोपलं डोक्यावरून कठड्यावर असं टेकवलं की हात दुखले नसतील. मग एक हात टोपल्याला, एक हात कठड्याला.

"हे पाह्य. टोपलं पह्यले टेकते फाळक्यावर. मंग बाई चढते. चढली का वरूनच टोपलं आत ओढते. कोनी द्याले नको, कोनी घ्याले नको. वजन एकदाच उचलायचं, घरी. तू फाळका पाडशील त टोपलं टेकवू कायवर? हवेवर?"

मी बघतच राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं ती लोखंडी फळी नुसती आडवी येते. पण चढायच्या आधी आई टोपलं त्याच फळीवर टेकवत होती. हे माझ्या चार मागण्यांत कुठेच नव्हतं. मी बायांच्या बाजूनं लिहिलं होतं, बायांना न विचारता. त्या बाबूनं काय केलं? बाई वेगळी, टोपली वेगळी. मी काय केलं? तेच. मी फक्त जास्त मोठ्यानं ओरडत होते.

"मंग काय करायचं?" मी विचारलं.

"अर्धा ठेव," ती म्हणाली, आणि परत वांग्यांकडे वळली. "मले काय विचारतेस, मॅडम तू होयस."

अर्धा ठेवायचा. उजवीकडची अर्धी बाजू फाळका तसाच उभा, त्याची वरची कड रुंद करून, टोपलं टेकवायला. डावीकडची अर्धी बाजू खालपर्यंत उघडी, चढायला. पण गाडी कुठे होती? काकाजी हात लावू देईना. मी दोनदा त्याच्या अंगणात गेले, दोन्ही वेळा त्यानं मला चहा पाजला आणि परत पाठवलं. तिसरा खाडा आला.

त्या दिवशी सकाळी जे झालं ते मी घडवलेलं नाही. मला श्रेय दिलं तरी मी घेणार नाही. आदल्या दिवशी आईच्या कठड्याजवळ दोघी-तिघी येऊन गेल्या होत्या एवढंच मला माहीत. चौकात गाडी लागली. बाया आल्या. एकेकीनं टोपलं फाळक्यावर टेकवलं, आत ढकललं, आणि बाजूला जाऊन उभी राहिली. दुसरी, तिसरी, सातवी. गाडीचा मागचा भाग वांग्यांनी, पालकानं, चुंगड्यांनी भरून गेला. चढली एकही नाही.

"चला वं, बसा," काकाजी म्हणाला.

"आमी नाई येत," भेदरंवाली म्हणाली. "टोपल्याइले घेऊन जा गा तू."

"म्हंजे?"

"म्हंजे टोपलं बरोबर चढते तुह्या गाडीत. बाई नाई चढत. त ज्याले जमते त्याले ने."

"मी काय वांगे विकू काय तिथी बसून?"

"मंग उतरव."

तो तणतणत मागे आला. आतलं टोपलं बाहेर काढायचं तर त्यालाच फाळक्यावरून पाय टाकून आत जावं लागलं. बंपरवर पाय, दुसरा पाय वर, आणि त्याची पँट बोल्टात अडकली. बाया तोंडाला पदर लावून उभ्या. "आरामात, भाऊ," म्हातारी म्हणाली. "गाडी चालू नाई करत आमी." त्यानं एक टोपलं उतरवलं. दुसरं उतरवलं. तिसऱ्याला कमरेवर हात ठेवून उभा राहिला. थंडीतही त्याला घाम आला होता.

"काय पायजे तुमाले?" तो म्हणाला.

"अर्धं," सगळ्या जणी एकदमच म्हणाल्या.

त्यानं हो म्हटलं तेव्हा त्या फाळका ओलांडून चढल्या, शेवटचं, आणि बाजारात गेल्या. दुसऱ्या दिवशी गाडी कोहमाऱ्याला मिस्त्रीकडे लागली. या वेळी मी नकाशा नेला नाही. आईला नेलं. बैलबंडीतून.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "माँजी, पाँव उठाओ," तो म्हणाला. "जहाँ घुटना बोले, वहाँ रुको." आई भिंतीला धरून उभी राहिली. आधी चांगला उजवा पाय उचलला, मिस्त्रीनं भिंतीवर खडूनं रेघ मारली. मग डावा. तो फारच खाली थांबला. मिस्त्री दुसरी रेघ मारून बराच वेळ दोन्ही रेघांकडे पाहत राहिला.

"चढ़ते टाइम कौन सा पाँव पहले?"

"चांगला. उतरताना दुखरा."

"तो हाथ से पकड़ना पड़ेगा, इधर." त्यानं हवेत उभा दांडा दाखवला, बरोबर मधोमध, अर्धा फाळका संपतो आणि दार सुरू होतं तिथे. आईचा उजवा हात तिथेच जात होता. पायरी त्यानं फक्त उघड्या बाजूखाली बसवली, घडी होणारी, पायानं दाबली की खाली, गाडी निघाली की वर, म्हणजे नहराच्या पुलावर घासायला नको. चढायची बाजू त्यानं डावीकडे ठेवली, रस्त्याच्या कडेला, गाड्यांपासून लांब. दाराची झडप पूर्ण मागे फिरून गाडीच्या अंगाला चिकटते, तिथे आकडा. वाटेत कुठे आडवी येत नाही. अर्ध्या फाळक्याच्या कडेवर त्यानं मिलच्या जुन्या पट्ट्याचं रबर ठोकलं, टोपलं घसरू नये म्हणून. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

काकाजी कोपऱ्यात उभा होता. "पासिंगले अडवतील," तो म्हणाला. "बदल चालत नाई म्हनतील."

अडवतील. मला माहीत आहे. गाडी तपासणीला जाईल तेव्हा कोणीतरी टेप घेऊन येईल आणि म्हणेल, हे नियमात नाही. मी त्या दिवशी तिथे हजर राहणार आहे. त्यांनी जरूर मोजावं. पण मोजायच्या आधी पंधरा किलो वांगी डोक्यावर घेऊन जुन्या फाळक्यावरून चढून दाखवावं. चार बायांसमोर. मग बोलू नियमाचं. बंपरवर लोक लटकत होते तेव्हा हा नियम कुठे झोपला होता, तेही विचारीन.

चौथ्या बाजाराच्या सकाळी भाऊ दारात उभा राहिला. "पडशील," तो आईला म्हणाला.

"पडली त उठीन," ती म्हणाली. "सरक."

चौकात तिनं टोपलं रबरावर टेकवलं. दांडा धरला. उजवा पाय पायरीवर, अंग वर, डावा पाय सरळच्या सरळ मागून आत. वळली, टोपलं ओढून घेतलं, बसली. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. तिनं पाहिलाही नाही. मागच्या बाईला म्हणाली, "चाल, लवकर."

बाजारात पोचलो तेव्हा सूर्य चिंचेच्या शेंड्याला आला होता. लसूणवाल्या म्हातारीनं बारदाना अजून अंथरलेला होता, पण त्याच्या अर्ध्यावर कोबीचे गड्डे. कोबीवाली नवीन होती, तरणीताठी. आई तिच्यासमोर उभी राहिली.

"हे जागा माही होय."

"तीन बाजार झाले म्हने, काकू," कोबीवाली म्हणाली. "सगळे म्हणून राहिले, ते बुढी आता येत नाई."

"कोन म्हनून राहिलं?"

लसूणवाली म्हातारी वर बघून म्हणाली, "सूर्य अजून डोक्यावर नाई आला. मी बारदाना उचलला नाई. घे तुहे गड्डे."

कोबीवालीनं गड्डे सरकवले, पण नाखुशीनं, जेमतेम एक माणूस मांडी घालून बसेल एवढीच जागा सोडली. आई हळूच बसली. मांडी घालता येईना. डावा पाय तिनं सरळ पुढे पसरला, थेट येण्याजाण्याच्या वाटेत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वांगी आणि सांबार मांडलं.

"अवं, पाय त घे आत," कोबीवाली म्हणाली. "गिऱ्हाईक अडखळेल."

"नाई वाकत."

"मंग लोक जातील कुठून?"

"बाजूनं," आई म्हणाली, आणि समोरून येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांबाराची जुडी दाखवली.

ती अजूनही तशीच बसते. दर बाजाराला, पाय लांब करून. ज्यांना अडचण होते त्यांनी वळसा घालून जावं.